सरासरी आणि प्रमाणाच्या चाचण्या: सराव करताना अडणारे प्रश्न

सूत्रे पाठ असूनही गणित चुकते, आणि बहुतेक वेळा आकडेमोडीत नाही तर तिच्या आधी किंवा नंतर चुकते. तिथे अडणाऱ्यांसाठी हे पान आहे. खाली ज्या ठिकाणी ‘खरे आकडे’ म्हटलेले नाही, तिथले आकडे सरावासाठी घेतलेले आहेत. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि प्रत्येक उत्तर स्वतः काढून बघा.

एक शब्दांची अडचण आधीच मिटवू. मराठीत ‘प्रमाण’ हा शब्द प्रपोर्शनसाठीही चालतो आणि ‘प्रमाण विचलन’ यात स्टँडर्ड या अर्थानेही येतो. परीक्षेच्या घाईत यातून घोळ होतात. म्हणून इथे ‘प्रमाण’ म्हणजे फक्त प्रपोर्शन. दुसऱ्यासाठी सरळ स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर हे शब्द वापरले आहेत.

शून्य परिकल्पना म्हणजे किंमत शून्य आहे असे मानायचे का?

नाही. ‘शून्य’ हे फरकाबद्दल आहे: ठरलेल्या किमतीत आणि खऱ्या किमतीत काही फरक नाही, असे तात्पुरते धरून चालायचे. तूरडाळीच्या पाकिटावर ५०० ग्रॅम लिहिले असेल तर शून्य परिकल्पना ‘यंत्राची खरी सरासरी ५०० ग्रॅम आहे’ अशी होईल. परिकल्पना नेहमी समष्टीबद्दल (ज्यांविषयी बोलायचे तो पूर्ण गट) असते, नमुन्याबद्दल (त्यातून उचललेल्या थोड्या नोंदी) कधीच नाही. ‘नमुन्याची सरासरी ५०० आहे’ असे लिहिले की गुण गेलेच. नमुन्याची सरासरी तर समोर दिसते आहे, तिची चाचणी कसली घ्यायची?

गणित वाचल्यावर कोणती चाचणी लावायची हे कसे ओळखावे?

एका नोंदीकडे बघा. एका पाकिटातून, एका माणसाकडून, एका बीकडून काय मिळाले? वजन, वेळ, गुण असे मोजमाप मिळाले तर चाचणी सरासरीची. उगवले की नाही, पास की नापास, असे हो-नाही मिळाले तर प्रमाणाची. ‘टक्के’ हा शब्द दिसला की प्रमाणाची चाचणी, ही खूण फसवी आहे. ६० विद्यार्थ्यांना मिळालेले टक्के हे प्रत्येकाचे मोजमाप आहे, तिथे टी-चाचणीच (सरासरीची चाचणी, खाली सोडवून दाखवली आहे) लागते.

पुढचा प्रश्न: गट किती? एक गट आणि ठरलेली किंमत, दोन स्वतंत्र गट, की त्याच माणसांची दोनदा मोजणी? शेवटच्या प्रकारावर खाली वेगळा प्रश्न आहे, कारण सर्वांत जास्त बळी तिथेच पडतात.

सरासरीचे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

पॅकिंग यंत्रातून १२ पाकिटे उचलून वजन केले. ग्रॅममध्ये आकडे असे: ४९८, ५०१, ४९७, ४९९, ४९६, ५००, ४९८, ४९५, ५०२, ४९७, ४९९, ४९४. यंत्र ५०० वर नीट लावलेले आहे का?

शून्य परिकल्पना: खरी सरासरी ५००. पर्यायी परिकल्पना: ५०० नाही. यंत्र वर सरकले तर मालकाचे नुकसान, खाली सरकले तर गिऱ्हाइकाचे, म्हणून चाचणी दुतर्फी. सार्थकता पातळी, म्हणजे खरी शून्य परिकल्पना चुकून फेटाळण्याची चालवून घ्यायची शक्यता, ५ टक्के.

सरासरी ४९८. सरासरीपासूनची अंतरे ०, ३, −१, १, −२, २, ०, −३, ४, −१, १, −४. त्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर पुढे जाऊ नका. वर्गांची बेरीज ६२. तिला ११ ने भागले की ५.६३६, वर्गमूळ २.३७४. हे स्टँडर्ड डेव्हिएशन. स्टँडर्ड एरर = २.३७४ ÷ √१२ = ०.६८५.

टी = (४९८ − ५००) ÷ ०.६८५ = −२.९२, स्वातंत्र्याच्या मात्रा (इथे नोंदी वजा १) ११. टेबलात ११ मात्रांसाठी दुतर्फी ५ टक्क्यांची किंमत २.२०१ आणि १ टक्क्याची ३.१०६. आपली २.९२ दोहोंच्या मध्ये, म्हणजे पी-व्हॅल्यू (शून्य परिकल्पना खरी असती तर इतका किंवा याहून टोकाचा टी येण्याची शक्यता) ०.०१ आणि ०.०५ यांच्यामध्ये. संगणक ०.०१४ देतो. शून्य परिकल्पना फेटाळली.

इथे थांबू नका. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा) ४९८ ± २.२०१ × ०.६८५, म्हणजे साधारण ४९६.५ ते ४९९.५ ग्रॅम. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला पी-व्हॅल्यूचा काही उपयोग नाही. किती ग्रॅमने सरकवायचे हे त्याला हवे असते, आणि ते या ओळीत आहे.

झेड-टेबल वापरले तर काय बिघडते?

वरच्या गणितात झेड-टेबल (नॉर्मल वितरणाचे टेबल) लावले तर पी-व्हॅल्यू ०.०१४ ऐवजी ०.००३५ येते, म्हणजे पुरावा आहे त्याच्या चौपट भक्कम वाटतो. कारण साधे आहे: २.३७४ हे स्टँडर्ड डेव्हिएशन त्याच १२ पाकिटांवरून काढलेले आहे, ते स्वतःच डळमळीत आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना लहान नमुन्यांत नेमकी हीच अडचण येत होती. त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख लिहिला, तेव्हापासून ही स्टुडंटची टी-चाचणी.

‘नमुना ३० च्या वर गेला की झेड’ हा नियम टेबल बघून गणित करण्याच्या काळातला आहे. समष्टीचे स्टँडर्ड डेव्हिएशन खरोखर माहीत नसेल तर नमुना कितीही असो, टीच वापरा. मोठ्या नमुन्यात दोन्ही उत्तरे आपोआप जवळ येतात.

एखादाच आकडा चुकीचा टाइप झाला तर फार फरक पडतो का?

वरच्या यादीत ५०२ ऐवजी ५२० टाइप करून बघा. सरासरी ४९९.५ होते, स्टँडर्ड डेव्हिएशन २.३७ वरून ६.७६ वर उडी मारते आणि टी −२.९२ वरून −०.२६ वर येतो. यंत्र सरकल्याचा सगळा पुरावा एका बोटाच्या चुकीत गायब. गंमत अशी की चुकीचा आकडा मोठा आहे, तरी टी मोठा न होता लहान होतो, कारण तो आकडा सरासरीपेक्षा स्टँडर्ड डेव्हिएशनला जास्त फुगवतो. म्हणून चाचणीआधी आकडे एका रेषेवर ठिपके म्हणून मांडून बघण्याची सवय लावा. मात्र ‘विचित्र दिसतो’ एवढ्यावर आकडा उडवू नका. मूळ वहीत काय आहे ते बघा.

एक्सेलचे उत्तर हाताच्या उत्तराशी जुळत नाही.

बहुधा पुढच्यांपैकी एक झाले आहे. एसटीडीईव्ही.एस ऐवजी एसटीडीईव्ही.पी घेतले, म्हणजे ११ ऐवजी १२ ने भागले. मग टी −३.०५ येतो. किंवा झेड.टेस्ट वापरले. ते फक्त वरच्या बाजूची एकतर्फी शक्यता देते, म्हणून आपल्या डाळीच्या आकड्यांवर ०.९९८ असे दचकवणारे उत्तर येते. किंवा टी.डिस्ट.२टी मध्ये −२.९२ घातले. ते ऋण आकडा स्वीकारत नाही, चिन्ह काढून २.९२ घाला.

एका नमुन्याची टी-चाचणी टी.टेस्ट या फंक्शनमध्ये थेट नाही, त्याला दोन रकाने लागतात. शेजारच्या रकान्यात बाराही ओळींत ५०० भरा आणि शेवटी प्रकार १, म्हणजे जोडीची चाचणी, निवडा. उत्तर ०.०१४ येते.

जोडीची चाचणी आणि दोन स्वतंत्र नमुन्यांची चाचणी, एवढा काय फरक पडतो?

गॉसेट यांनी १९०८ च्या लेखात वापरलेले खरे आकडे घ्या. दहा रुग्णांना दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिली आणि झोप किती तासांनी वाढली ते नोंदवले. पहिले औषध: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०. दुसरे, त्याच क्रमाने: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४.

सरासऱ्या ०.७५ आणि २.३३. हे दोन वेगळे गट समजून चाचणी केली तर टी १.८६ आणि पी-व्हॅल्यू ०.०७९, म्हणजे फेटाळता येत नाही. प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा फरक काढून चाचणी केली तर सरासरी फरक १.५८ तास, टी ४.०६, मात्रा ९, पी-व्हॅल्यू ०.००३ च्या आत. आकडे तेच, निष्कर्ष उलटा.

का ते यादीतच दिसते. सहावा आणि सातवा रुग्ण दोन्ही औषधांवर भरपूर झोपले, चौथा आणि पाचवा कशावरच फारसे नाही. माणसामाणसांतला हा मोठा फरक जोडी लावली की वजा होतो आणि औषधांतला फरक उघडा पडतो.

ओळखायची खूण: दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यांचा क्रम विस्कटला तर माहिती हरवते का? हरवत असेल तर जोडी आहे. नुसती दोन्ही गटांची संख्या सारखी आहे म्हणून जोडी होत नाही.

दोन स्वतंत्र गटांत विचरण (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) समान मानायचे का?

न मानणे बरे. विचरण समान न धरणारी वेल्चची चाचणी घ्या (एक्सेलच्या टी.टेस्टमध्ये प्रकार ३, ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआपच होते). लहान गटाचे स्टँडर्ड डेव्हिएशन मोठे असेल तेव्हा समान-विचरणाची चाचणी खोटे इशारे देते. अभ्यासक्रमात समान विचरण मागितले असेल तर तसे करा, पण गृहीतकात ते लिहा.

प्रमाणाची चाचणी एका खऱ्या कामावर दाखवा.

खरिपाआधी घरच्या सोयाबीनची उगवण क्षमता तपासतात: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० बिया मांडायच्या, गुंडाळी करून ओल टिकवायची आणि आठवड्याभरात कोंब मोजायचे. ७० टक्क्यांच्या खाली उगवण आली की एकरी बियाणे वाढवावे लागते. समजा ६३ उगवल्या. बियाणे खरेच ७० च्या खाली आहे?

शून्य परिकल्पना: खरे प्रमाण ०.७०. पर्यायी: ०.७० पेक्षा कमी. स्टँडर्ड एरर = √(०.७० × ०.३० ÷ १००) = ०.०४५८. झेड = (०.६३ − ०.७०) ÷ ०.०४५८ = −१.५३, एकतर्फी पी-व्हॅल्यू ०.०६३. ५ टक्क्यांवर फेटाळता येत नाही. द्विपद वितरणावरून (हो-नाही निकालांच्या मोजणीचे वितरण) नेमकी शक्यता काढली तर सुमारे ०.०८.

आता प्रयोगशाळेप्रमाणे ४०० बिया लावल्या आणि २५२ उगवल्या. प्रमाण तेच, ६३ टक्के. पण स्टँडर्ड एरर निम्मा होतो, झेड −३.०६ आणि पी-व्हॅल्यू ०.००११. म्हणजे १०० बियांच्या वेळी ‘बियाणे चांगले आहे’ असे सिद्ध झाले नव्हते. वाईट म्हणायला पुरावा तोकडा होता, इतकेच. तेव्हाचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल बघा: ५३.५ ते ७२.५ टक्के. एवढ्या रुंद पट्ट्यावर पेरणीचा निर्णय घेणारा शेतकरी थोडे बियाणे वाढवून टाकतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ५ टक्के ही रेषा त्याने आखलेली नाही.

दोन बारकावे. चाचणीच्या स्टँडर्ड एररमध्ये परिकल्पनेतले ०.७० येते, इंटरव्हलमध्ये नमुन्यातले ०.६३. हे अदलाबदल करणे ही सगळ्यात नेहमीची चूक. आणि सूत्र धरते की प्रत्येक बी स्वतंत्र आहे. गोणपाटाचा एक कोपरा वाळला किंवा एका ओळीत बुरशी पसरली की दहा बिया एकदम जातात, मग १०० बिया ‘खऱ्या’ १०० राहत नाहीत. प्रयोगशाळेत शंभराच्या चार वेगळ्या तुकड्या करतात. त्यांत फारच फरक आला तर तपासणीच बिघडली, हे लगेच कळते.

झेड केव्हा चालत नाही?

नमुना × परिकल्पनेतले प्रमाण आणि नमुना × (१ − ते प्रमाण), हे दोन्ही निदान १० हवेत. काही पुस्तकांत ५ चालते. २० बियांवर ९५ टक्क्यांची चाचणी घेतली तर न उगवणाऱ्या बिया अपेक्षेने फक्त १. तिथे द्विपद वितरणच वापरा.

परिकल्पनेतली किंमत कुठून आणायची? सांगितली नसेल तर ०.५ धरू का?

सवयीने ०.५ धरणे महागात पडते. प्रसूतीच्या नोंदवहीत ६०० जन्मांपैकी ३२७ मुलगे, म्हणजे ५४.५ टक्के. ०.५ धरले तर झेड २.२०, दुतर्फी पी-व्हॅल्यू ०.०२८, आणि गर्भलिंगनिदानाचा संशय थेट घेतला जाईल. पण निसर्गतःच दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे प्रमाण ०.५१२. ते धरले तर झेड १.६१ आणि दुतर्फी पी-व्हॅल्यू ०.११. जॉन आर्बथनॉट यांनी १७१० मध्ये लंडनच्या बाप्तिस्म्याच्या ८२ वर्षांच्या नोंदींत दर वर्षी मुलगेच जास्त असल्याचे दाखवले होते. अशा प्रकारची ती सुरुवातीची चाचणी मानतात. तुलना कशाशी, हे विषय जाणणाऱ्याला विचारा, सूत्र ते सांगत नाही.

दोन प्रमाणांत ‘आर’ चे उत्तर वेगळे का येते?

बीजप्रक्रिया केलेल्या २०० पैकी १५६ उगवल्या, न केलेल्या २०० पैकी १३८. एकत्र प्रमाण २९४ ÷ ४०० = ०.७३५. स्टँडर्ड एरर √(०.७३५ × ०.२६५ × (१/२०० + १/२००)) = ०.०४४१, झेड २.०४, पी-व्हॅल्यू ०.०४१. ‘आर’ चे प्रॉप.टेस्ट ०.०५४ देते. चूक कुणाचीच नाही. ते येट्सची सुधारणा (फरक किंचित कमी धरणारी) स्वतःहून लावते, ‘करेक्ट’ फॉल्स केले की ०.०४१ येते. पडताळा हवा असेल तर झेडचा वर्ग करा: ४.१६, तीच काय-वर्गाची (काय-स्क्वेअर) किंमत. सुधारणा लावायची की नाही यावरून निष्कर्ष उलटत असेल तर तो निष्कर्ष काठावरचा आहे, आणि तसेच लिहावे.

एकतर्फी चाचणी केव्हा?

आकडे बघण्याआधी दिशा ठरली असेल आणि उलट दिशेचा निकाल आला तरी तुमची कृती बदलणार नसेल तेव्हा. उगवण ८० टक्के आली काय, ७१ आली काय, बियाणे वाढवायचे नाही, म्हणून तिथे एकतर्फी योग्य. आकडे बघून दिशा ठरवली की ५ टक्क्यांची चूक प्रत्यक्षात १० टक्क्यांची होते.

निष्कर्षाचे वाक्य कसे लिहावे?

‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ नको, ‘फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही’ लिहा. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता १.४ टक्के’ हे साफ चूक. पी-व्हॅल्यू म्हणते: यंत्र खरेच ५०० वर असते तर इतका किंवा याहून टोकाचा टी येण्याची शक्यता १.४ टक्के. शक्यता आकड्यांची आहे, परिकल्पनेची नाही. आणि ‘सार्थक’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे. पुरेशी पाकिटे तोलली तर ०.१ ग्रॅमचा फरकही सार्थक ठरतो.

५ टक्केच का?

रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून ती वापरली आणि ती रुळली. निसर्गाचा नियम नाही.

नमुना किती घ्यावा?

किती फरक निसटू द्यायचा नाही हे आधी ठरवा. उगवण ७० ऐवजी खरेच ६० टक्के असेल तर ती १०० पैकी ८० वेळा पकडायला, एकतर्फी ५ टक्क्यांवर, सुमारे १३७ बिया लागतात. ६५ टक्के पकडायची असेल तर सुमारे ५३५. फरक निम्मा, नमुना जवळजवळ चौपट. १०० बियांत ६५ आणि ७० यांतला फरक कळेल ही अपेक्षाच चुकीची.

सार्थक येईपर्यंत थोडे थोडे आकडे वाढवत गेले तर?

ती चाचणी राहत नाही. दर वेळी डोकावताना खोट्या इशाऱ्याची नवी संधी मिळते. एकाच माहितीवर २० स्वतंत्र चाचण्या केल्या आणि कुठेच फरक नसला, तरी निदान एक सार्थक यायची शक्यता ६४ टक्के असते. किती चाचण्या केल्या ते सगळे लिहा, लागलेली एकच दाखवू नका.

पुस्तकातली गणिते संपली. पुढे सराव कशावर करू?

स्वतः समष्टी तयार करा. एक्सेलमध्ये नॉर्म.इन्व्ह(रँड(),५००,२.४) हे सूत्र १२ रकाने आणि १००० ओळींत ओढा. प्रत्येक ओळ म्हणजे एक नमुना. शेवटी त्या ओळीचा टी काढा आणि चिन्ह सोडून तो २.२०१ च्या वर गेला की १ लिहा. इथे शून्य परिकल्पना खरी आहे, तरी साधारण ५० ओळींत १ दिसेल, कधी ४०, कधी ६०. एफ९ दाबत राहा, बदलत राहते. ही पहिल्या प्रकारची चूक: शून्य परिकल्पना खरी असूनही फेटाळणे.

मग सूत्रात ५०० च्या जागी ४९८ करा, टी मात्र ५०० शीच तुलना करून काढा. आता यंत्र खरेच दोन ग्रॅमने खाली आहे. तरी ढोबळमानाने चारातल्या तीनच ओळी ते पकडतात. उरलेल्या ओळींपैकी एखादी निवडून तिचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा आणि त्यात ५०० बरोबर ४९८ ही येते का ते बघा.